भोंगा न वाजणारी पाळी

कोल्हापूरच्या फुलेवाडीहून एका ताईंचं पत्र आलं आहे. नाव देऊ नका असं त्यांनी कळवलंय, म्हणून देत नाही. पत्र मोठं आहे, त्यातला मुख्य भाग असा :

"माझे सासरे, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो. वय ७२. साखर कारखान्यात मिल हाऊसला ३४ वर्षं नोकरी केली. सासूबाई जाऊन दोन वर्षं झाली. आण्णांना एकटं वाटू नये म्हणून मिस्टरांनी त्यांना मोठा मोबाईल घेऊन दिला. आता उठल्यापासून हातात तोच. कुस्त्या, जुने सिनेमे, कीर्तन, लावण्या, बारके बारके व्हिडिओ, काहीही. रात्री एक-दीड वाजेपर्यंत चालू असतो आणि आवाज एवढा की शेजारी जातो. आमच्या दोन खोल्या आणि स्वयंपाकघर. बाहेरच्या खोलीत आण्णांची कॉट, तिथंच मुलगी दहावीचा अभ्यास करते. गेल्या महिन्यात मी म्हटलं, 'आण्णा, जरा आवाज बारका करा की.' तर म्हणाले, 'मला आता ह्या घरात आवाजबी नको झालाय व्हय?' तेव्हापासून ते ताट घेऊन कॉटवर जेवतात. धाकटा चौथीत आहे, तो म्हणतो, आजोबांना चालतंय मग मलाच का नाही. एकदा चहा द्यायला गेले तर कसलातरी नाच चालू होता, त्यांनी घाईनं मोबाईल उशीखाली सारला. मलाच कुठं तोंड लपवू असं झालं. मिस्टर म्हणतात, 'राहू दे, म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं.' मोबाईल काढून घ्यावा काय? आणि घेतला तर मी वाईट ठरते काय?"

ताई,

मोबाईल काढून घेऊ नका. आधी हे उत्तर देऊन टाकते, म्हणजे बाकीचं निवांत बोलता येईल. आणि तुम्ही वाईट ठरत नाही. दहावीच्या पोरीला अभ्यासापुरती शांतता मागितली, यात वाईटपणा कुठला?

काढून का घेऊ नका, हे मी ठेच लागून शिकलेय. माझ्या आईचा मोबाईल मी एकदा असाच काढून घेतला होता. बँकेतून बोलतोय म्हणून तिला एक खोटा फोन आला आणि ती थोडक्यात वाचली. मी घाबरले. तिचा फोन कपाटात ठेवला आणि हातात साधा बटणांचा दिला. आई काही बोलली नाही. तीन आठवडे ती गॅलरीत खुर्ची टाकून नुसती बसून राहिली. पहाटे ती मोबाईलवर काकड आरती ऐकायची आणि नंतर तिच्या माहेरच्या गावच्या जत्रेचे व्हिडिओ बघायची, हे मला तोवर माहीतच नव्हतं. मी धोका दूर केला अशा समजुतीत होते आणि तिचा निम्मा दिवस मी कपाटात कुलूपबंद करून ठेवला होता. फोन परत दिला तेव्हा तिनं विचारलं, "आता माझं काय चुकलं न्हाई न्हवं?" एवढ्या वयाच्या बाईला लेकीला असं विचारावं लागलं. ते अजून माझ्या कानात आहे.

म्हणून आण्णांच्या बाबतीत घाई नको.

तुमच्या पत्रातल्या एका शब्दावर मी अडकले. मिल हाऊस. तुम्ही तो सहज लिहून गेलात, पण माझ्या मते निम्मं उत्तर तिथंच आहे. उसाचं गाळप होतं ती जागा. चरकांची धडधड, टर्बाइन, गिअर. तिथं शेजारी उभ्या असलेल्या माणसाशीसुद्धा ओरडून किंवा हातवारे करून बोलावं लागतं. अशा आवाजात ३४ हंगाम, आठ-आठ तासांच्या पाळ्या. कानात बोळे घालायची शिस्त त्या काळात किती जण पाळत असतील?

अशा कामातून गेलेला कान एका दिवसात बहिरा होत नाही. आधी उंच, बारीक आवाज जातात. बोलण्यातले स, श, फ, त यांसारखे हलके उच्चार निसटतात. शब्दांचे काठ झिजतात आणि मधली गुणगुण तेवढी राहते. म्हणून असा माणूस "ऐकू येत नाही" असं कधीच म्हणत नाही. ऐकू तर येतंय, समजत नाही. मग तो आवाज वाढवतो. वाढवून गुणगुण मोठी होते, काठ परत येत नाहीत, म्हणून आणखी वाढवतो. त्यात मोबाईलचा स्पीकर नखाएवढा. त्यातून येणारा आवाज आधीच चिरका.

आणखी एक. बायकांचा आणि पोरांचा आवाज उंच पट्टीतला असतो, म्हणून अशा कानाला तो आधी अवघड जातो. पुरुषाचा भरड आवाज बराच काळ नीट कळतो. आता तुमच्या घरात बघा. मुलाचं बोलणं आण्णांना समजत असेल. तुमचं, नातीचं, नातवाचं तुटक तुटक. "माझं ऐकून न ऐकल्यासारखं करतात" असं तुम्ही पत्रात पुढं लिहिलंय. कदाचित त्यांना ते खरोखरच नीट ऐकू आलेलं नसेल. ताट कॉटवर नेण्यामागं राग आहेच, तो मी नाकारत नाही. पण जेवताना चौघं एकदम बोलतायत, कुकरची शिट्टी होतेय, टीव्ही चालू आहे, अशा गलक्यात ज्याला एक वाक्य धड लागत नाही, त्याला माणसांत बसूनही बाहेरच बसल्यासारखं होतं. हातातल्या मोबाईलचा आवाज निदान वाढवता येतो. माणसांचा वाढवता येत नाही.

मी डॉक्टर नाही. हा माझा अंदाज आहे, पण तपासून घ्यायलाच हवा असा. सीपीआर या आपल्या सरकारी दवाखान्यात कान-नाक-घशाचा विभाग आहे, तिथं दाखवा, किंवा तुमच्या ओळखीच्या कानाच्या डॉक्टरांकडे न्या. कधी कधी नुसता मळ साचलेला असतो, तो काढला की निम्मी तक्रार जागेवरच मिटते. नाहीतर ऑडिओमेट्री करतात. हेडफोन लावून बसवतात, बारीक-मोठे आवाज ऐकवतात, ऐकू आला की बटण दाबायचं. दुखत नाही, खुपत नाही. कानाचं यंत्र लागलंच आणि घरचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल, तर राज्य सरकारची २०२४ पासूनची मुख्यमंत्री वयोश्री योजना आहे. ६५ वर्षांवरच्यांना चष्मा, श्रवणयंत्र अशा वस्तूंसाठी तिच्यातून तीन हजार रुपये एकदा खात्यावर जमा होतात. चांगल्या यंत्राला एवढे पुरत नाहीत, पण आधार होतो. यंत्र पहिल्या दिवसापासून गोड लागत नाही हेही सांगून ठेवते. भांड्याचा, पंख्याचा, रस्त्याचा आवाज एकदम अंगावर येतो. महिनाभर रोज थोडा थोडा वेळ घालावं लागतं. पुष्कळ घरांत ते यंत्र पहिल्याच आठवड्यात ड्रॉवरमध्ये जातं आणि तिथंच राहतं, तसं होऊ देऊ नका.

आण्णांना हे सांगायचं कसं? "तुम्हाला ऐकू येईना झालंय" असं चुकूनही नको. मुलानं सांगावं, "मिल हाऊसला एवढी वर्षं काढलेल्या माणसाचा कान एकदा तपासून घ्यायला पाहिजे." त्यात त्यांच्या कष्टाचा मान आहे, आणि ते खरंही आहे.

तपासणी होईपर्यंत मोबाईलला एक बरा ब्लूटूथ स्पीकर जोडून त्यांच्या उशाशी, कानाच्या उंचीवर ठेवा. आवाज भरीव येतो, म्हणून कमी ठेवूनही समजतो. अभ्यासाच्या वेळेला हेडफोन चालेल, पण कानात फुल आवाज नको, उरलेला कानही त्यानं जाईल. बहुतेक फोनवर आवाज धोक्याच्या पट्टीवर गेला की सूचना येते. ती ओलांडायची नाही एवढं त्यांना दाखवून ठेवा.

आता मोबाईलचं.

आण्णा काय काय बघतात, ती तुम्ही दिलेली यादी मी दोनदा वाचली. कुस्ती, जुने सिनेमे, कीर्तन, लावणी. यातली एकही गोष्ट त्यांनी तरुणपणी एकट्यानं बघितलेली नसणार. कुस्ती बघायची म्हणजे खासबागेत जायचं. शाहू महाराजांनी १९१२ साली उभं केलेलं ते मैदान, मधे खोल आखाडा आणि चारी बाजूंनी चढत गेलेली बैठक, कुठंही बसा, मल्ल दिसणार. मल्लानं पट काढला की शेजारचा अनोळखी माणूससुद्धा तुमच्या खांद्यावर थाप मारणार. नाटक म्हणजे त्याच आवाराजवळ १९१५ साली बांधलेलं पॅलेस थिएटर, आपलं केशवराव भोसले नाट्यगृह. ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री ते आगीत सापडलं, तेव्हा रस्त्यावर उभी राहून माणसं रडत होती. घरातलं माणूस गेल्यासारखी रडत होती, कारण तिथं प्रत्येकाची कुणाबरोबर तरी बसलेली एक संध्याकाळ होती. कीर्तन देवळात, सिनेमा टॉकीजला किंवा जत्रेतल्या तंबूत, तमाशा गावाबाहेरच्या माळावर. बघणं म्हणजे जाणं होतं. कुणाला तरी हाक मारून, बरोबर घेऊन जाणं.

सिनेमाच्या जन्मातच एक गोष्ट आहे, ती मला तुमचं पत्र वाचताना आठवली. १८९४ साली न्यूयॉर्कमध्ये एडिसनच्या कंपनीची जी हलती चित्रं लोकांनी पैसे देऊन बघितली, ती एका लाकडी पेटीत होती. वर एक भोक, त्याला डोळा लावायचा, एका वेळी एकाच माणसानं बघायचं. आपल्याकडच्या जत्रेतल्या बायोस्कोपच्या पेटीची बहीणच. पुढच्या वर्षी, डिसेंबर १८९५ मध्ये, पॅरिसला ल्युमिएर बंधूंनी तशीच हलती चित्रं पडद्यावर टाकली आणि खोलीभर माणसांनी ती एकत्र बघितली. सात महिन्यांत, ७ जुलै १८९६ ला, ती मुंबईच्या वॉटसन हॉटेलात आली. त्यानंतर शंभर वर्षं आपण एका पडद्याकडे तोंड करून शेजारी शेजारी बसलो. टीव्ही आला तरी बसलो. १९८७ साली रविवारी सकाळी रामायण लागायचं तेव्हा आमच्या मंगळवार पेठेतल्या वाड्यात एका घरात तीस माणसं असायची, लहान पोरं पुढं, म्हाताऱ्या बायका भिंतीला टेकून. आणि आता आण्णांच्या हातात पुन्हा ती पेटी आली आहे. एका वेळी एकच डोळा.

मी मोबाईलच्या विरोधात नाही. ज्या माणसाचे गुडघे खासबागेच्या पायऱ्या चढू देत नाहीत, त्याच्या कॉटवर खासबाग येते, ही मला फार मोठी गोष्ट वाटते. मळ्यातल्या घरात राहणारी बाई तिला हवं ते कीर्तन हवं तेव्हा ऐकू शकते. पंधरा वर्षांपूर्वी राजारामपुरीत, लक्ष्मीपुरीत मोबाईलच्या दुकानापुढं मेमरी कार्डात गाणी भरून घ्यायला रांग असायची. वीस-तीस रुपयांत दोन जीबी भरून मिळायचं आणि दुकानदार देईल ती गाणी ऐकायची. त्याआधी तर फोन म्हणजे फक्त बोलणं, आणि तेही आखडून. १९९५ च्या जुलैत देशात मोबाईल सुरू झाला तेव्हा मिनिटाला सोळा रुपयांपर्यंत पडायचे, आलेल्या फोनलासुद्धा. येणारा कॉल फुकट झाला तो २००३ मध्ये. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, पहिले काही महिने डेटा फुकट मिळाला, पाठोपाठ बाकीच्यांनी दर पाडले, आणि ज्या घरात महिन्याचा एक जीबी जपून वापरला जायचा तिथं रोजचा दीड जीबी संपवायचा कसा असा प्रश्न आला. आण्णांची पिढी "मुद्द्याचं बोल, बिल पडतंय" म्हणत मोठी झालेली. तिच्या हातात हे सगळं सात-आठ वर्षांत, कुणी काही शिकवल्याशिवाय येऊन पडलं. पोरांना आपण निदान ओरडून का होईना शिकवतो. म्हाताऱ्या माणसांना आपण फोन देतो, "हे दाबलं की लागतंय" एवढं सांगतो आणि आपल्या खोलीत जातो.

मग रात्रीचा दीड का वाजतो?

कारण ह्याला सुटणं नाही. आपण म्हणायचो, सिनेमा सुटला. "समाप्त" अशी पाटी यायची, दिवे लागायचे, लोक चपला शोधायचे, बाहेर येऊन डोळे चोळत चहा प्यायचे. उमा टॉकीजचा शेवटचा खेळ सुटला की चौकातली पानाची टपरी उघडी आहे का बघायचं आणि घर गाठायचं. मोबाईलवर एक व्हिडिओ संपायच्या आत दुसरा तयार असतो. बोट वर सरकवलं की पान संपतच नाही, ही सोय २००६ साली एझा रास्किन नावाच्या तंत्रज्ञानं तयार केली आणि पुढं त्यानं स्वतःच जाहीरपणे त्याबद्दल खंत व्यक्त केली. आपल्याकडे जून २०२० मध्ये टिकटॉकवर बंदी आली, तर दहा दिवसांत इन्स्टाग्रामचे रील्स आले, सप्टेंबरात यूट्यूबचे शॉर्ट्स. अर्ध्या मिनिटाची एक गोष्ट. पुढची बरी निघेल का, ही उत्सुकता बोटाला थांबू देत नाही. एक फालतू, दोन फालतू, तिसरी एकदम मनात भरणारी. दरवेळी चांगली निघाली असती तर माणूस कंटाळला असता. कधीतरी निघते म्हणूनच तो बसून राहतो.

आण्णांचं आख्खं आयुष्य भोंग्यावर गेलं. भोंगा झाला की पाळी सुरू, भोंगा झाला की पाळी सुटली. हातात फोन घेऊन ते अशा पाळीवर बसलेत जिचा भोंगा कोणी बसवलेलाच नाही. त्यात रात्र. दोन वर्षांपूर्वीपर्यंत त्या खोलीत रात्री अकरा वाजता कोणीतरी म्हणायचं, "झोपा आता." ते म्हणणारं माणूस गेलं. रात्रीची ती शांतता त्यांना किती मोठी वाटत असेल ह्याचा विचार करून बघा. फोनचा आवाज बंद झाला की तीच सुरू होते.

म्हणून भोंगा बसवायचा. ऐन रात्री नको, भांडणाच्या वेळी तर नकोच. रविवारी दुपारी तुमच्या मिस्टरांनी आण्णांजवळ कॉटवर बसावं, फोन त्यांच्याच हातात ठेवावा आणि त्यांना दाखवत दाखवत दोन-तीन गोष्टी कराव्यात. यूट्यूबमधला ऑटोप्ले बंद करायचा, म्हणजे एक संपलं की थांबेल, पुढचं हवं तर स्वतः निवडावं लागेल. झोपायच्या वेळेची आठवण लावायची, ठरलेल्या वेळेला पडद्यावर पाटी येते. अँड्रॉइड फोनमध्ये डिजिटल वेलबीइंग म्हणून सोय असते, त्यात शॉर्ट्सच्या, रील्सच्या ॲपला दिवसाची वेळ ठरवून देता येते. पण ही वेळ आण्णांनी ठरवायची. "तुम्हीच सांगा, किती वाजता बंद करायचं?" ते साडेदहा म्हणाले तर साडेदहा. त्यांनी अकरा म्हटलं तरी आजच्यापेक्षा दोन-अडीच तास वाचले. चोरून कुलूप घातलंत तर पहिल्याच रात्री त्यांना कळेल, आणि मग कॉटवरचं ताट वर्षभर परत येणार नाही.

नातीचं त्यांना सरळ सांगा. तिचा गळीत हंगाम चालू आहे. परीक्षा फेब्रुवारी-मार्चात, त्याला अजून अमुक आठवडे आहेत, रोज संध्याकाळी सात ते दहा तिची पाळी. हंगामात कारखान्यात रजा नसते, हे आण्णांना कोणी समजवायला नको. शक्य असेल तर तिनंच सांगावं, त्यांच्याजवळ बसून, तोंड त्यांच्याकडे करून, जरा सावकाश. ओरडून नव्हे. ओठ दिसले की अर्धे शब्द त्यांना डोळ्यांनी कळतील.

ह्या तीन तासांच्या बदल्यात त्यांना काहीतरी द्यायला हवं, आणि माझ्या मते ते तुमच्या घरात आहे. टीव्ही. फोनवरचं टीव्हीवर लावता येतं. तुमचा टीव्ही स्मार्ट असेल तर कास्टचं बटण दाबायचं, साधा असेल तर दुकानात एक जोडणी मिळते. संध्याकाळी पाच ते साडेसहा टीव्ही आण्णांचा. काय लावायचं ते त्यांनी ठरवायचं, आणि घरातलं निदान एक माणूस शेजारी बसलेलं पाहिजे. धाकट्याला बसवा. त्याला विचारू द्या, आजोबा, कुस्तीतली ही ढाक कशी, घिस्सा कसा, मोळी म्हणजे कसला डाव. चौथीतल्या पोराला असले प्रश्न शिकवावे लागत नाहीत. जयप्रभा स्टुडिओत तयार झालेला एखादा जुना सिनेमा असेल तर तुम्हीही भाजी निवडत बसा. रोज जमणार नाही, माहीत आहे. आठवड्यातून तीनदा जमलं तरी करा. आण्णांच्या ओळखीचे कारखान्यातले कोणी दोघं-तिघं जवळपास राहत असतील तर त्यांना कुस्तीच्या मैदानाच्या दिवशी चहाला बोलवा. थेट प्रक्षेपण लागलेलं असतं, चार म्हातारी माणसं एका टीव्हीसमोर बसली की आवाज मोठाच होईल, पण तो आवाज वेगळा असेल. तेवढा त्या दिवशी सोसा.

आता उशीखालचा मोबाईल. ह्याबद्दल तुम्ही अवघडून लिहिलंय, म्हणून जरा नीट सांगते. हे ॲप माणूस कशावर थांबतो ते मोजत असतं. एक लावणी पूर्ण बघितली की ते आणखी दहा आणतं, दहातली जरा उघडी-वाघडी असेल तिच्यावर बोट क्षणभर थांबलं की तसल्याच शंभर. आण्णांनी शोधलं असेल असंही नाही, नसेल असंही नाही. ७२ वर्षांचा, बायको गेलेला पुरुष माणूस आहे. त्यांनी ते लपवलं, म्हणजे तुमचा मान त्यांना आहे. ह्या प्रसंगाचा उल्लेख पुन्हा कधी, कुणाजवळ, नवऱ्याजवळसुद्धा टोमण्यासारखा करू नका. ह्यापुढं चहा नेताना दारातूनच "आण्णा, चहा आणला" म्हणा, जरा मोठ्यानं. बाहेरची खोली असली तरी ती त्यांची खोली आहे. मिस्टर फोनची मांडामांड करतील तेव्हा त्यांनी बघण्याचा जुना इतिहास पुसून टाकावा, मग कुस्ती आणि कीर्तनाचे चार-सहा व्हिडिओ लावून द्यावेत. दोन-तीन दिवसांत पुढं येणारी रांगच बदलते. काही न बोलता काम होतं. फक्त आण्णांचा फोन धाकट्याच्या हातात द्यायचा नाही, हा नियम कडक ठेवा.

फुकट दिसणाऱ्या ह्या मनोरंजनाच्या आडून जाहिराती येतात त्यांच्याकडेही लक्ष असू द्या. गुडघ्याचं तेल, शेअरमध्ये दुप्पट, पैसे लावून खेळायचे खेळ. आण्णांच्या फोनमध्ये पेन्शनच्या खात्याचं यूपीआय असेल तर त्यात फार पैसे ठेवू नका, आणि पिन फक्त पैसे देण्यासाठी असतो, घेण्यासाठी कधीच लागत नाही, हे वाक्य त्यांच्याकडून पाठ करून घ्या. पोलीस व्हिडिओ कॉलवर कुणाला अटक करत नाहीत, हेही. कधी फसलंच तर पहिल्या तासात १९३० ला फोन लावायचा. हा नंबर कॉटजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून लावा. आणि फसल्यावर आपल्याला सांगायला त्यांना भीती वाटता कामा नये. माझ्या आईच्या बाबतीत माझं चुकलं ते नेमकं इथं.

धाकट्याच्या प्रश्नाला टाळू नका, त्याचा प्रश्न रास्त आहे. त्याला सांगा, आजोबांनी ३४ वर्षं काम केलंय, त्यांची शाळा संपलीय, तुझी चालू आहे. तेवढ्यानं त्याचं समाधान होणार नाही, कारण तो तुम्हा दोघांकडेही बघतोय. म्हणून घरात एकच नियम सगळ्यांना : जेवताना कोणाच्याच हातात फोन नाही आणि टीव्ही बंद. बाबांच्याही नाही, आईच्याही नाही. टीव्ही बंद झाला की आण्णांना बोलणंही लागेल.

तुमच्या मिस्टरांबद्दल मात्र मला स्पष्ट बोलायचंय, आणि हे पत्र त्यांना वाचायला द्या. "म्हाताऱ्या माणसाला काय बोलायचं" असं म्हणून तुम्ही वडिलांचा मान राखला असं तुम्हाला वाटत असेल. पण बोलायचं काम बायकोवर पडलं, आणि तिनं तोंड उघडलं की ती सून होते, परक्या घरची होते. तुम्ही बोललात तर मुलगा बोलला एवढंच होतं. फोन तुम्हीच घेऊन दिलात, तो चांगल्या मनानं दिलात, मग त्याच्याबरोबर थोडा स्वतःचा वेळही द्यायला लागतो. कानाच्या डॉक्टरांकडे तुम्ही घेऊन जा. रविवारी कॉटवर तुम्ही बसा. आईच्या माघारी वडिलांची रात्र कशी जाते, हे तुम्ही त्यांना एकदा तरी विचारलंय काय?

ताई, तुम्ही आज एवढंच करा. रात्री ताट वाढताना आण्णांचं ताट बाकीच्यांच्या ओळीत मांडा, टीव्ही बंद करा, आणि कॉटजवळ जाऊन, त्यांच्या समोर उभं राहून सांगा, "आण्णा, पानं वाढलीत, चला." ते नाही म्हणाले तर ताट कॉटवर द्या, काही बोलू नका. उद्या पुन्हा ओळीत मांडा. त्यांची जागा भिंतीकडची ठेवा, म्हणजे सगळ्यांची तोंडं त्यांना दिसतील.

आणि कानाचं काय निघालं ते मला जरूर कळवा.